मेणकाकांचा सातवा काप

मेणकाकांचं खरं नाव हजेरीच्या मस्टरमध्ये असेल, बाकी इस्पितळात ते कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तळमजल्यावर, धुलाईखान्याला लागून जी बुटकी लांबट खोली आहे, तिथे हा माणूस एकतीस वर्षं एकाच स्टुलावर बसला. काम काय, तर मेण कापायचं. मेण कापायला कसली आलीय अक्कल, असं नव्या माणसाला वाटायचं, आणि काका ते खुशाल वाटू द्यायचे. मग त्याच्या हातात एक ब्लॉक ठेवून म्हणायचे, "काप बघू." पंधरा मिनिटांनी नवा माणूस घामाघूम झालेला असायचा आणि पाण्यावर नुसता भुगा तरंगत असायचा.

काम सांगायला सोपं आहे, करायला नाही. माणसाच्या शरीरातून डॉक्टर जो इवलासा तुकडा काढतात, तो मेणात बसवायचा. त्या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. ही वडी यंत्रात लावून पात्यावरून फिरवायची. दर फेरीला एक काप निघतो, फुंकर मारली तर उडून जाईल इतका पातळ, आणि कापाला काप चिकटून त्याची फीत होते. ती फीत कोमट पाण्यावर पसरायची, काचेवर उचलायची आणि तिला रंग द्यायचा. रंग चढला की स्नायू गुलाबी दिसतो आणि पेशींचे ठिपके जांभळट निळे. मग ती काच मोठ्या मॅडमकडे जाते आणि वरच्या मजल्यावरच्या कुणाचं तरी पुढचं आयुष्य तिच्यावर ठरतं.

काकांचा हात धरणारा त्या इमारतीत कुणी नव्हता. त्यांनी सोडलेल्या फितीला पाण्यावर सुरकुती म्हणून सापडायची नाही. हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि खोटं कशाला बोला, ते इतरांनाही माहीत करून दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या टेक्निशियनचं त्यांनी पहिल्याच आठवड्यात 'घाईबाई' करून टाकलं होतं. बाई पस्तिशीची, दोन पोरांची आई, कामाला चोख. तिचा गुन्हा एवढाच, की ती काकांच्या चार मिनिटं आधी ब्लॉक हातावेगळा करायची.

"अगं, पळतंय का ते कुठे?" काका म्हणायचे.

"काका, पेशंटला रिपोर्ट याच जन्मात हवा असतो," ती मान वर न करता म्हणायची.

या खोलीत हृदयाचे तुकडे यायला लागले त्याला अकरा वर्षं झाली. इस्पितळात हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली आणि मोठ्या मॅडमनी त्याच वर्षी एक अभ्यास हाती घेतला. दुसऱ्याचं हृदय कुणाच्या छातीत टिकतं, कुणाच्या टिकत नाही, आणि असं का होतं, हे त्यांना शोधायचं होतं. नवं हृदय बसवलेल्या माणसाच्या मानेतल्या शिरेतून एक बारीक नळी आत घालतात आणि हृदयाचे चार-पाच कण चिमटून आणतात. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला, मग आणखी लांबवर. शरीर परक्या हृदयावर उलटलंय की नाही, हे त्या कणांत दिसतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी काकांना सांगितलं होतं, "काका, आज जे विचारायचं आपल्याला सुचत नाहीये, ते दहा वर्षांनी कुणाला तरी सुचेल. त्या दिवशी तुकडा शिल्लक पाहिजे."

काकांनी ते इतकं मनावर घेतलं की खोलीत त्याचा कायदाच झाला. काहीही होवो, ब्लॉकमधलं अर्धं ठेवायचं. एका काचेनंतर दुसरी घेईपर्यंत मधे निघणाऱ्या फिती टाकायच्या नाहीत, डब्यात काळ्या कागदावर क्रमाने मांडून ठेवायच्या. आणि हातून एखादी फीत टेबलाखाली गेली तर तिच्यावर पाणी सोडायचं, कारण तिथे सगळ्यांचाच भुगा पडलेला असतो. "खाली पडलेलं कुणाचंच नाही," असं ते प्रत्येक शिकाऊ माणसाला सांगायचे. अकरा वर्षांत दोनशेवर माणसांची हृदयं त्या खणांत नंबरवार जमा झाली आणि काकांच्या हातून एकही ब्लॉक संपला नाही.

घरीही हा माणूस तसाच. जुनी पाती ते घरी आणायचे आणि मुलीच्या पेन्सिलींना टोक काढायचे. ही त्यांची एकुलती एक, लहानपणी साखरेच्या डब्याभोवती सापडायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं ते पडलंच. टोक मनासारखं उतरेना की काका परत काढायचे, मग एक बाजू किंचित जाड वाटली की परत. सोमवारी आणलेली पेन्सिल गुरुवारी बोटांत धरता यायची नाही. मुंगीची आई कपाळाला हात लावायची. "अहो, तिला लिहायचंय त्याने, कुणाला भोसकायचं नाहीये."

मुंगी मोठी होऊन चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला लागली. हात बापाचा, त्यामुळे तिथेही तिचा बोलबाला. चोविसाव्या वर्षी तिला साधा ताप आला. आठ दिवसांत उतरलाही, पण जाताना हृदयाचा पार चोथा करून गेला. दोन वर्षं ती घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची, तेवढाच तिचा प्रवास. मग एका दुपारी इस्पितळातून फोन आला, आणि कुणाचं ते कधीच न कळलेलं एक हृदय तिच्या छातीत बसलं.

तिने त्याला 'उसनं' असं नाव ठेवलं.

"काय गं, उसनं कसं आहे?" काका रोज कामावर निघताना विचारायचे.

"मजेत आहे. तुमच्यापेक्षा कमी कुरकुर करतं."

मोठ्या मॅडमच्या अभ्यासात तीही आली. नंबर दोनशे बारा. कागदांवर सह्या करताना शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं की रुग्ण दगावल्यास हृदय अभ्यासासाठी ठेवून घेतलं जाईल. मुंगीने ते मोठ्याने वाचलं, सही ठोकली आणि आईकडे बघून म्हणाली, "उसनं आणलेलं परत करायचं, तूच ना शिकवलंस?" आई तिथून उठली आणि उगीचच खिडकी लावायला गेली.

मॅडमनी त्याच दिवशी काकांनाही बोलावून घेतलं. घरच्या माणसाचा नमुना आपल्या टेबलावर घ्यायचा नाही, हा नियम. काकांनी तसं लिहून दिलं. तेव्हापासून दोनशे बाराचे नमुने घाईबाई कापायची आणि काका तिच्या मागे उभे राहून तिचं डोकं खायचे. हलक्या हाताने घे. थांब जरा. आता श्वास धर. पाचव्या वेळी ती वैतागली. "काका, तुम्ही मागे असलात की माझा हात बिचकतो. जा, चहा पिऊन या." काका गेले आणि पाच मिनिटांनी भरला कप तसाच हातात घेऊन परत आले. चौदा महिन्यांत बारा नमुने झाले. बाराही स्वच्छ. दर वेळी तिने ब्लॉकमध्ये अर्ध्याहून जास्त शिल्लक ठेवलं होतं, पण काका तिला एकदाही बरं म्हणाले नाहीत.

मग मुंगीला धाप लागायला लागली. दुकानाच्या अकरा पायऱ्या ती एका दमात चढायची, ती सातवीवर थांबायला लागली. रात्रीच्या दोन उशांच्या तीन झाल्या. वजन आठवड्यात दोन किलो वाढलं आणि अंगात बारीक कणकण. ती चालली की काका तिची पावलं मोजत होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरची ही लक्षणं त्यांनी नमुन्याबरोबरच्या कागदावर वाचलेली होती. तीच आता आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसलेली बघून त्यांचा घास तोंडात फिरायचा.

मंगळवारी सकाळी तिला तिसऱ्या मजल्यावर भरती केलं आणि मानेतून कण काढले. अकरा वाजता छोटी बाटली खाली आली. 'तातडीचं' असा लाल शिक्का होता. दीड वाजेस्तोवर ब्लॉक तयार होऊन गार ट्रेमध्ये बसला. नेमकी त्याच दिवशी घाईबाईला मुलाच्या शाळेत बोलावलं होतं. निघताना तिने पर्स खांद्याला लावली आणि काकांच्या समोर येऊन उभी राहिली.

"साडेतीनला येते. आल्या आल्या पहिला तोच घेते. काका, हात लावू नका."

"मी कशाला हात लावू?" काका म्हणाले. म्हणताना मनात तसंच होतं.

दोन वाजता वॉर्डातून मुंगीच्या आईचा फोन आला. "आलं का काही?"

"यायचंय."

"ती विचारत नाहीये. पण सारखी दाराकडे बघतेय."

फोन ठेवला आणि काका ट्रेसमोर जाऊन बसले. साडेतीनला घाईबाई येणार, म्हणजे काच तयार व्हायला साडेचार, मॅडम बघणार पाचला. तोवर औषध थांबणार. शिवाय ती शाळेतून धावतपळत येणार, आधीच घाईची, त्यात हात जड पडला तर? चारच कण आहेत आत, मोहरीएवढे. या खोलीत त्यांना धक्का न लावता कापणारा एकच माणूस आहे आणि तो इथे हातावर हात ठेवून बसलाय. कारणं सगळी चोख होती. बापाचं डोकं अशा वेळी वकिलासारखं चालतं, मेलं. काकांनी ब्लॉक उचलला आणि यंत्रात लावला.

पहिला काप देखणा आला. कोपऱ्यात एक जुना मायक्रोस्कोप होता, रंग नीट चढलाय की नाही एवढंच बघायला ठेवलेला. काकांनी काच त्याच्याखाली सरकवली. निदान करणं त्यांचं काम नव्हे, पण एकतीस वर्षं बघितल्यावर डोळे काही आंधळे राहत नाहीत. गुलाबी धाग्यांच्या मधून निळ्या पेशींची गर्दी घुसली होती. चारातल्या दोन कणांत तर धागेच तुटलेले.

आणि मग त्यांना मॅडमचं वाक्य आठवलं. आधी जिथून कण काढलाय, नेमक्या त्याच जागी चिमटा परत लागला तर तिथली भरत आलेली जखम अशीच निळी दिसते. मॅडम अशा वेळी म्हणायच्या, "काका, जरा खोल जाऊन बघा." शंभरदा तरी म्हणाल्या असतील. काकांनी ते वाक्य बुडत्याने धरावं तसं धरलं. ब्लॉक परत लावला आणि खोल गेले.

दुसरी काच तशीच. तिसऱ्या काचेत एका कणातली गर्दी थोडी पांगल्यासारखी वाटली, म्हणून चौथी. चौथीत ती गर्दी परत दाट. मधल्या फिती काळ्या कागदावर ठेवायच्या असतात, हे ज्या माणसाने सगळ्यांना शिकवलं तो ब्रशने त्या खाली झटकत होता. काचाही साध्या घेतल्या, काप धरून ठेवणारा चिकट लेप नसलेल्या, हाताशी होत्या त्या. रंग चढायला लागणारी वीस-वीस मिनिटं धीर नव्हता, म्हणून रंगही अर्धाकच्चा. पाचवी. सहावी. दर काचेला ते मनात एकच म्हणत होते, एक कण स्वच्छ दाखव, एकच. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला माणूस मेणाच्या वडीची विनवणी करत होता.

सातव्या वेळी फीत पाण्यावर पसरली आणि काकांना तिच्यात काही दिसेना. दिवा वाकडा केला. चष्मा पुसला. फीत नुसत्या मेणाची होती, आरपार. त्यांनी ब्लॉक काढून उजेडात धरला. ज्या जागी चार पांढरट कण असायचे तिथून पलीकडची खिडकी दिसली.

साडेतीनला पाच कमी असताना घाईबाई आत आली. ट्रे बघितला, काकांचा चेहरा बघितला. पर्स खाली ठेवायचीही तिला शुद्ध राहिली नाही.

"काका, किती उरलंय?"

काकांनी ब्लॉक तिच्या हातात दिला. सहा काचा पुसून तिने खोक्यात भरल्या आणि जिना चढून मॅडमकडे नेल्या. काकांना वाटलं, हिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अर्ध्या तासाने मोठ्या मॅडम स्वतः खाली आल्या. शरीर हृदयावर उलटलंय यात शंका नाही, त्या म्हणाल्या, आणि त्याचं इंजेक्शन वर सुरूही केलंय. पण त्यांना दुसराही संशय होता. उलटण्याचे दोन प्रकार. एकात पेशी चाल करून येतात, ते काचेत दिसतच होतं. दुसऱ्यात रक्तातच विष तयार होतं आणि ते हृदयाच्या बारीक नळ्यांना चिकटतं. ते ओळखायला वेगळा रंग लागतो, आणि त्याचा इलाजही वेगळा, रक्त काढून गाळून परत घालायचं. मुंगीच्या अंगात ताप होता, आणि या इलाजाने जंतूंशी लढायची ताकदच जाते. नुसत्या अंदाजावर ते करायला गेलं तर ती त्यानेच जायची.

"मला रंग न दिलेल्या दोन काचा हव्यात," मॅडम म्हणाल्या. "ब्लॉक कुठाय?"

ब्लॉक टेबलावर होता. मॅडमनी उचलून खिडकीकडे धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "मधल्या फिती?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

रंगवलेल्या दोन काचांचा रंग उतरवून बघितला. काचा साध्या, कण सुटले आणि पाण्याबरोबर वाहून गेले. तेव्हा काका टेबलाखाली गुडघ्यांवर बसले. दिवसभराचा भुगा तिथे पडलेला, पांढरा, कुरळा, ओंजळभर. बारीक ब्रशने ते एकेक वळी उलगडत होते. गुडघे दुखत होते, चष्म्यावर घाम टपकत होता. धुलाईखान्यातल्या बायका दारातून डोकावल्या आणि काही न विचारता परत गेल्या. पाऊण तासाने त्यांना बोटभर फीत सापडली. तिच्यावर चार राखाडी ठिपके होते.

"ही बघा, मॅडम. ही तिची आहे."

"आज या यंत्रावर अकरा ब्लॉक कापले गेले, काका. त्यातले तीन हृदयाचे."

"माझी फीत मी ओळखतो. मी कापलीय ती. डोळे बांधा, तरी ओळखीन."

मॅडम खाली वाकल्या. आवाज अगदी हळू होता. "मी इथे नवीन होते. अशीच एक फीत उचलून काचेवर घेत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. काय म्हणालात?"

काका फीत धरून बसले. घाईबाई दुसरीकडे बघत होती, कारण तिचंही मनगट एकदा धरलेलं होतं.

"खाली पडलेलं कुणाचंच नाही," काका म्हणाले, आणि फीत त्यांनी स्वतःच कचऱ्यात टाकली.

रक्ताची तपासणी बाहेर पाठवली, तिला पाच दिवस लागणार होते. कण परत काढायचे तर मुंगीची तब्येत त्या दिवशी मानेत नळी घालण्याजोगी उरली नव्हती. गुरुवारी सकाळी बघू, असं ठरलं. नोंदवहीत दोनशे बाराच्या पुढे काकांना आपल्या हाताने लिहावं लागलं, 'नमुना संपला.' खाली सही. त्या रकान्यात अकरा वर्षांत हे दोन शब्द पहिल्यांदाच आले.

बुधवारी दुपारी मुंगीची आई चहा आणायला गेली तेव्हा काका पलंगापाशी बसले. मुंगीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, ओठ सुकलेले. काकांनी तिला सगळं सांगितलं. काही हातचं राखलं नाही.

तिचा चेहरा लहानपणी ताप आला की व्हायचा तसा झाला. "मला परत नको ती नळी," ती म्हणाली. "बाबा, मला नाही सहन होत आता. काल ते चिमटा ओढतात तेव्हा आत कळतं मला. सगळे म्हणतात कळत नाही, पण कळतं. मी तुम्हाला तेरा वेळा कधी सांगितलं नाही."

"माझ्यामुळे होतंय, मुंगे."

"तुमच्यामुळेच होतंय." तिने डोळे मिटले. काकांना वाटलं, आता ही आपल्याशी बोलायची नाही, आणि बोलू नये हेच बरोबर. धाप जरा बसल्यावर तिनेच तोंड उघडलं. "वर्गात सगळ्यांकडे पेन्सिली असायच्या. बोथट, चावलेल्या, पण असायच्या. माझ्याकडे गुरुवारी नुसतं टोक. बाई म्हणायच्या, अगं, पेन्सिल कुठाय? मी काय सांगणार, बाबांनी टोक काढलं म्हणून?"

काकांनी तिचा हात धरला आणि रडले. भर दुपारी, चार पलंगांच्या खोलीत, शेजारचे पेशंट बघत असताना ते हुंदके देऊन रडले. मुंगीने हात सोडवून घेतला नाही. आई चहा घेऊन दारात आली ती तशीच थांबली.

गुरुवारी कण निघाले. ते खाली आले तेव्हा काकांनी आपण होऊन आपलं स्टूल खोलीबाहेर नेलं आणि धुलाईखान्याच्या भिंतीला पाठ लावून बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. घाईबाईने काप घेतले, अर्धं ठेवलं. वेगळा रंग चढला आणि मॅडमचा संशय खरा ठरला. शुक्रवारी सकाळी रक्त गाळायला घेतलं. जे मंगळवारी संध्याकाळी सुरू होऊ शकलं असतं, ते.

मुंगी तिसऱ्या आठवड्यात घरी आली. ताप गेला, उशा दोनवर आल्या. पण तपासणीत उसन्याच्या भिंती ताठ झालेल्या दिसल्या, आणि त्या परत सैल होत नाहीत. काका मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले. तिथे ते आजवर कधी बसले नव्हते, त्या दिवशी खुर्ची ओढून बसले.

"त्या तीन दिवसांनी फरक पडला का? खरं सांगा."

मॅडमनी समोरचे कागद बाजूला केले. "शंभर माणसांत लवकर इलाज झालेल्यांचं बरं होतं, एवढं मी सांगू शकते. दोनशे चौतीस हृदयं आहेत माझ्याकडे, त्यांच्यावरून सांगते. पण एकीचं मला सांगता येत नाही, काका. तिचं आधीच बिघडलेलं असेल. नसेलही."

"म्हणजे मला कधीच कळणार नाही."

"नाही."

काकांनी मान डोलावली. मॅडम खोटं बोलल्या असत्या तर त्यांना ते लगेच ओळखू आलं असतं, आणि थोडं बरंही वाटलं असतं. त्यानंतर ते कामावर येत होते, पण यंत्राला त्यांनी हात लावला नाही. रंग ढवळायचे, काचांवर नंबर घालायचे, खण पुसायचे.

चार महिन्यांनी एका सकाळी मुंगी दुकानाच्या पायऱ्या चढत होती. सातवीवर थांबली, कठड्याला धरून खाली बसली. दुकानातला माणूस पाणी घेऊन येईस्तोवर सगळं आटोपलेलं होतं.

शेवटच्या पानावरची सही होतीच. घरचे नको म्हणाले तर सोडून देऊ, असं मॅडमनी फोनवर सांगितलं. मुंगीच्या आईने फोन काकांच्या हातून घेतला. "तिने परत करायचं कबूल केलंय," ती म्हणाली.

नवव्या दिवशी काका कामावर आले. मेण गार ट्रेमध्ये तयार होतं, सहा ब्लॉक, सगळ्यांवर दोनशे बारा. हे कण नव्हते, चांगले नखाएवढे तुकडे होते. घाईबाई टेबलापाशी बसली होती, पण तिने यंत्र सुरू केलं नव्हतं.

"काका, तुम्ही चहा पिऊन या," ती म्हणाली.

"नको. बसतो."

त्यांनी आपलं स्टूल तिच्या शेजारी ओढलं, काळा कागद डब्यात पसरला, काचांची चळत पुढे घेतली. काचेच्या खरखरीत टोकाला पेन्सिलनेच नंबर घालावा लागतो, शाई रंगात धुऊन जाते.

घाईबाईने पहिला ब्लॉक लावला. "किती घेऊ?"

"अर्धं ठेव," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. आधीच सांगायला हवं होतं."

ती चाक फिरवायला लागली, इतकं सावकाश की काकांनीही कधी फिरवलं नसेल. फीत निघत होती. काका काचेवर नंबर घालत होते, दोनशे बारा, एक. दोनशे बारा, दोन. तिसऱ्या काचेवर पेन्सिलचं टोक मोडलं. पातं शेजारीच होतं. काकांनी ते उचललं नाही, बोथट पेन्सिल जराशी दाबून धरली आणि पुढचा नंबर लिहिला.